पैलवान आणि मधली काचपट्टी

मळवलीच्या बंगल्यातल्या सहा फुटी फिशटँकची मधली काचपट्टी मी स्वतःच्या हातानं ब्लेडनं कापून काढली, आणि चहा होईपर्यंत टँकच्या पुढच्या काचेला पोट आलं. माझ्याइतकं नाही, पण बघितल्यावर कळावं इतकं. मग कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार निघाली आणि बिनबोभाट सोफ्याखाली गेली.

ही पट्टी टँकच्या तोंडावर आडवी चिकटवलेली असते. पाण्याच्या भारानं पुढची आणि मागची काच एकमेकींपासून लांब सरकू नये म्हणून ती दोघींना धरून ठेवते. हे मला माहीत होतं. पण जळणारा माणूस माहितीवर चालत नाही.

मी जळत होतो शकुबाईंवर. त्या आमच्या बंगल्याच्या केअरटेकर. आम्ही पुण्याहून शनिवारी येतो, रविवारी जातो. बाकी बंगला त्यांचा. जमीन तर मुळातच त्यांच्या सासऱ्यांची. आमचा दिवाणखाना पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हितं आमचा तरवा असायचा." तेव्हापासून सोफ्यावर बसताना मला कुणाच्या तरी भातरोपांवर बसल्यासारखं वाटतं.

पाण्याची मोटर माझ्या बटणानं सुरू होत नाही, शकुबाईंच्या शिवीनं होते. आळीतली कुत्री मला भुंकतात आणि त्यांना वाट देतात. हे सगळं मी सोसलं. पण मासा माझा होता. मी आणला, परदेशी खाऊ घातला, सीझर असं नाव ठेवलं. शकुबाई त्याला पैलवान म्हणतात, आणि तो येतो. बांगड्या वाजल्या की काठाशी हजर. पट्टी आणि झाकण यांच्यामधल्या फटीतून त्यांचा काटकुळा हात आत जातो आणि पैलवान बोटांतलं गांडूळ अलगद काढून घेतो. माझा हात तिथं कोपरापाशी अडकतो. म्हणून ब्लेड.

माझी हाक ऐकून शकुबाई आल्या.

"काय केलं साहेब?"

"मधली पट्टी काढली."

"कशापायी?"

मी ब्लेड खिशात टाकलं. त्यांनी बागेतला पाइप टँकमध्ये सोडला, दुसरं टोक तोंडानं ओढलं, चूळ टाकली आणि पाणी वांग्यांच्या वाफ्यात काढून दिलं. मासा भाताच्या रिकाम्या पिंपात गेला.

"पैलवान माझ्या खोलीत ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "हितं तुमी अजून काय काय काढाल."

म्हणजे माझ्याच हातानं मी त्याला त्यांच्या घरी पोचवला.

लोणावळ्याहून काचवाला विक्की आला. मधली पट्टी परत नको, असं मी बजावलं. त्यानं पुढच्या आणि मागच्या काचेला वरच्या काठालगत आतून लांबच्या लांब पट्ट्या लावल्या, दोन आडव्या पट्ट्या पार टोकांना बसवल्या आणि मधली जागा मोकळी ठेवली. "आता कितीपण जाडा हात जाईल," म्हणाला, आणि माझ्या हाताकडं बघितलं.

चिकटवलेलं वाळेपर्यंत आठवडा गेला. मी पुण्याहून रोज फोन करायचो.

"कसा आहे?"

"बरा हाय."

"जेवला का?"

"व्हय. माझ्यासंगं, टीव्ही बघत."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शनिवारी टँक भरला. काच सरळ उभी राहिली. पैलवान आत सोडला. बाही वर करून मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटांत गांडूळ होतं, मीच वाफ्यातून उकरलेलं. पैलवान दगडामागून बघत राहिला. इकडं तिकडं पाहून मी बायकोच्या बांगड्या आणल्या. त्या हातात चढेनात, म्हणून दुसऱ्या हातात धरून वाजवल्या. तो आणखी मागं सरकला.

तेवढ्यात शकुबाई झाडू घेऊन आल्या. "काय रं," एवढंच म्हणाल्या. पैलवान माझ्या हाताला घासून पुढं गेला आणि त्यांच्या बाजूच्या काचेला नाक लावून उभा राहिला.

"शकुबाई, खरं सांगा," मी हात पाण्यात तसाच ठेवून विचारलं, "तो माझ्याकडं का येत नाही?"

झाडणं न थांबवता त्या म्हणाल्या, "त्याच्या लेखी तुमी टुरिस्ट हाय, साहेब."