काल्हेरची उघाडी

एकाहत्तरची लढाई आटोपली आणि माझी बदली ठाण्याकडे झाली. मी इंजिनिअर्सचा नायब सुभेदार. लोक म्हणाले, आता आराम करा. आराम कसला! त्या श्रावणात नदीला पूर आला आणि माझ्या सेक्शनला भिवंडीजवळ काल्हेरला धाडलं.

सकाळी पोहोचलो. खाडीच्या बाजूला मातीचा बांध, आत भातशेती, शेतांमागे सखल जागेत लूमच्या शेड आणि कामगारांच्या खोल्या. पुराचं पाणी बांधाआड तुंबलं होतं. ते खाडीत सोडायला बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. पण उधाणाचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकऱ्यांनी आदल्या दिवशीच ती पेंढा-चिखलाने गच्च लिंपली होती. दरवर्षी लिंपत. वरून पूर येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

लूमवर देखरेख करणारा मुकादम, म्हणजे जॉबर, सलीमभाई कमरेइतक्या पाण्यातून आला. "साहब, औरतें-बच्चे माळे पर हैं. दीवार कच्ची है. बांध काटो, अभी!"

गावचे पदू पाटील फावड्यांसमोर आडवे आले. "भरती हाय अजून. आता फोडलात तं आतलं पानी जाईल, पन भगदाड बुजायच्या आत उधानाचं खारं पानी शिरंल. तीन वर्सं भात न्हाय. खायाचं काय आमी? ओहोटी लागू दे, मंग उघाडी मोकळी करा."

दोघंही खरं बोलत होते, पंचाईत तीच. भिंत ओहोटीपर्यंत तग धरेल का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही. आमची एकच बोट, तीही पलीकडच्या गावात. वायरलेसवर कॅप्टनसाहेबांना विचारलं.

"मौके पर आप हैं, साहब. फैसला आपका. ओव्हर."

"रॉजर. आउट." मनात म्हटलं, सुटले साहेब!

शेडच्या भिंतीत खिळा ठोकला. "पाणी इथवर आलं की बांध तोडणार. तोवर नाही. दोघांनी मिळून बघायचं." पाटील आणि सलीमभाई खिळ्याशी उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. जवान फावडी घेऊन बांधावर. पाणी चढतच होतं.

"साहब, एक उंगली बाकी है!" सलीमभाई ओरडला.

त्याच वेळी बांधावरून हाक आली, "साहेब, खाडी उतरतेय!"

माझ्या सेक्शनमधल्या नाईक धोंडीरामने शर्ट काढला. "दोर बांधा, साहेब. मी उतरतो."

"जपून."

"हो साहेब."

शेताच्या बाजूने उघाडीशी बुडी मारून तो पेंढ्याचे बोळे उपसू लागला. दोन-तीनदा वर येऊन दम घेतला. मग सगळं लिंपण एकदम सुटलं. पाण्याने त्याला उघाडीत ओढलं. दोर फळीवर घासून तुटला. आम्ही खाडीकडच्या बाजूला धावलो. तो दिसला नाही.

पाणी उतरलं. भिंत उभी राहिली. पुढच्या भरतीच्या आत पाटलांच्या आणि सलीमभाईच्या माणसांनी मिळून उघाडी पुन्हा बंद केली. संध्याकाळी धोंडीराम चिखलात सापडला.

त्याचे वडील साताऱ्याकडून आले. पाटलांनी त्यांना हिरवं शेत दाखवलं. सलीमभाईने त्या दिवशी माळ्यावर अडकलेली पोरं आणून त्यांच्या पाया पडायला लावली. मग वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पाणी लई गार हुतं का, साहेब?"

"नाही, बाबा. कोमट होतं."

त्यांनी मान डोलावली. मला रडू आवरलं नाही. जवान बघत होते, बघू देत म्हटलं.