मोडलेल्या तुकड्यावरची चिकटपट्टी

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मी चहाला उठून जाणारा माणूस. आवाज म्हणजे वायर, हेड आणि स्पीकर, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय... कारण आता दुकानात एकटं बसवत नाही.

नांदुऱ्यात स्टेशनजवळ माझं दुकान आहे. जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतो. यंदाच्या उन्हाळ्यात रोहिणखेडचे उस्मानचाचा एक कॅसेट घेऊन आले. मुलीच्या हळदीत त्यांच्या बायकोनं म्हटलेली गाणी. बायको वारली, तिचा आवाज तेवढ्यातच उरला. कुणी चुकून पुसू नये म्हणून चाचांनी कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवला होता – मग रेकॉर्डचं बटण दबतच नाही.

"चाचा, पेनड्राइव्ह मिळाल्यावर ही कशाला ठेवता?"

"काऊन बे, पेनड्राइव्हले छातीशी धरू का? तिनं गायलं तवा हे पट्टी तिच्यासमोर फिरत होती."

दुसऱ्या दिवशी डेक तपासायला रिकामी कॅसेट हवी होती. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावून जुनी कॅसेट पुन्हा भरायची, ही आम्हा दुकानदारांची सवय. टेबलावरची एक उचलली, चिकटपट्टी लावली, रेकॉर्ड दाबलं आणि गिऱ्हाइकाशी बोलत बसलो. ती चाचांची निघाली. एक अख्खी बाजू कोरी झाली... अजून उतरवलीही नव्हती.

चाचा आले. कॅसेट त्यांच्या पिशवीत टाकून मी म्हणालो, "एक बाजू आधीपासूनच खराब होती."

"असंन बाबा. मीच लई वाजवली."

आठवड्याभरात त्यांचा फोन. "ये लवकर! ते बाजू वाजून राह्यली!"

भर दुपारी गेलो. चाचा बाजेवर, शेजारी मुलगी. टेप सुरू होता. ती डोळे पुसत ओठ हलवत होती, चाचा मान डोलवत होते. मला मात्र गाणं ऐकू येत नव्हतं. खरखर... माझ्या दुकानातला पंखा... आणि माझाच आवाज – "एक बाजू आधीपासूनच खराब होती." हे बोललो तेव्हा कॅसेट पिशवीत होती, एकही मशीन चालू नव्हतं! तेच वाक्य पुन्हा. पुन्हा. मागे बांगड्यांची किणकिण, दर वेळी जरा जवळ.

"काय गोड म्हनते, नाही?" चाचा म्हणाले.

"हाव," मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

आता दुकानात कुठलीही कॅसेट लावली तरी त्या बांगड्या वाजतात. कशा, ते मला सांगता येत नाही. खरं सांगायला दोनदा रोहिणखेडच्या गाडीत बसलो आणि दोन्ही वेळा उतरलो... सांगितलं, आणि चाचांनाही गाणं ऐकू येणं बंद झालं तर?