पंगतीतलं हरीण

मिशिगनच्या सरकारी जंगलात तो मला आणि मावशीला एकदाच भेटला. नारिंगी जॅकेट घातलेला दाढीवाला शिकारी, पायवाटेच्या मधोमध एटीव्हीवर, म्हणजे चार जाड चाकांच्या मोटरसायकलवर, ताठ बसला होता. इंजिन बंद, बंदूक पिशवीत.

"बंद पडलीय का?" मी विचारलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनेच समोर दाखवलं. मोठ्या शिंगांचं भलंमोठं हरीण निवांत चरत होतं.

"शिकारीच्या दिवसांत सकाळी अकरापर्यंत ही इथे चालवायची नाही," तो कुजबुजला. "हिच्यावर बसून गोळीही मारायची नाही. आणि मी उतरलो, की हे पळणार."

माझ्या मावशीला त्याची दया आली. तिने डबा उघडून त्याला दशमी दिली. त्याने ती अजिबात आवाज न करता चावली. पंगत बसली म्हणून आम्हीही तिथेच ओंडक्यावर बसून खाल्लं.

अकराला त्याने इंजिन सुरू केलं. हरीण पळालं नाही, नुसतं बाजूला सरकलं. चौकातल्या स्टॉप साइनवर, म्हणजे थांबा-पाटीवर, आपल्याला आधी जाऊ देणाऱ्याला करतात तसा त्याने हरणाला आभाराचा हात केला आणि गेला.

मी उठायला लागलो. मावशीने मला खाली बसवलं.

"अरे, त्याचं अजून व्हायचंय," ती हरणाकडे बघत म्हणाली.