इंजिनवाल्यांची राणी

मुलांनो, श्रीवर्धनच्या आमच्या सुपारीच्या वाडीत ज्यांनी विहिरीचं पाणी उपसायला पहिलं तेलाचं इंजिन बसवलं, ते गृहस्थ पूर्वी नाटक कंपनीत राण्यांची कामं करत. हात तेलाने काळे, पण खांद्यावरचा पंचा ते अजून पदरासारखा सावरत. हत्यारं मात्र ओळीने मांडत, म्हणून मला ते आवडत. नाटक का सोडलं, असं मी एकदा विचारलं.

"वहिनी, तिथली विहीर पडद्यावर रंगवलेली. किती वर्षं रिकामी घागर कमरेवर घेऊन मिरवायचं?"

इंजिन सुरू करायच्या दिवशी सगळे वाडीवाले जमले. ते चाललेलं पाहिल्यावरच बाकीचे त्यांच्याकडून इंजिनं घेणार होते. नाही तर या गृहस्थांना पुन्हा कंपनीची वाट धरावी लागली असती. आणि नेमकं इंजिन तापून बंद पडलं.

"निवलं की चालेल," ते म्हणाले.

"आमचा रहाटाचा बैल बरा! तापत तरी न्हाय," कुणीतरी टोमणा मारला, आणि माणसं उठू लागली.

तेव्हा त्यांनी पंचा डोक्यावरून घेतला आणि वनवासात धाडलेल्या राणीचा विलाप सुरू केला. उठलेली माणसं पुन्हा बसली. सासूबाई डोळे पुसू लागल्या. राणीचा एक हात मात्र सारखा इंजिन चाचपत होता. ते निवल्याचं कळताच त्यांनी रडणं अर्ध्यावर टाकून हँडल फिरवलं. इंजिन धडधडलं, पाटातून पाणी धावलं.

"अहो, पण राणीचं पुढे काय झालं?" सासूबाई ओरडल्या.

"जाऊ दे हो तिला, काकू," पाटात पाय बुडवून ते हसले. "पाणी आलं, बघा!"