मिलीमीटर मॅडमचा सोमवार

मिलीमीटर मॅडम अकोल्यात शिकवोत का अमरावतीत, उदाहरण नेहमी माहंच देत. कसं करू नये, याचं.

सातवीत शाळेले रामराम केलेल्या माणसाचं नाव शिकलेल्या लोकाइच्या सभेत निघते, हेच मले गंज मोठं वाटे. घरी येऊन बायकोले सांगे, की आज पुन्हा माहं नाव निघालं. ती विचारे, कावून निघालं? मी म्हणे, पाणी दे.

मॅडम अकोल्याच्या एका पॉलिटेक्निकात मशीन ड्रॉइंग शिकवत. रिटायर झाल्यावर लोक देवाधर्माले लागतात, मॅडम कम्प्युटरले लागल्या. मशीन आधी स्क्रीनवर जोडून पाह्याचं अन मग लोखंडात कापाचं, ते सॉफ्टवेअर त्या शिकल्या, अन ज्याले ज्याले ते येत नव्हतं त्याले त्याले व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात ओढलं. अकोल्याचे दालमिलचे पार्ट बनवणारे, आमच्यासारखे वेल्डिंगवाले, कॉलेजातले मास्तर, सारे त्यात. अधूनमधून सभा होई, कधी अकोल्यात, कधी अमरावतीत. दर सोमवारी सकाळी मॅडमचा मेसेज येई. वर एक टीप, खाली ग्रुपातल्या बातम्या. आता मॅडम हैदराबादेले लेकीकडे असतात, पण सोमवार उजाडला की माहा हात आधी फोनकडे जाते, दात नंतर.

मिलीमीटर हे नाव त्याइच्या विद्यार्थ्याइनं ठेवलेलं. "जवळपास", "थोडंसं", "इतकुसं" हे शब्द मॅडमले चालत नसत. पर्समधी कंगव्याच्या जोडीले स्टीलची पट्टी राहे. एस्टीत कंडक्टर म्हणे, मावशी जरा पुढे सरका, त मॅडम विचारत, जरा म्हणजे किती. आमच्या घरी पयल्यांदा जेवाले आल्या तवा बायकोनं विचारलं, थोडा भात वाढू का. मॅडम म्हणाल्या, थोडा म्हणजे? बायको वाढणी हातात धरून माह्याकडे पाहे, अन मी मॅडमकडे. भात मधातच थांबलेला. तवापासून मॅडम येणार म्हटलं की बायको भात करतच नसे, पोळ्या करे. पोळ्या मोजता येतात.

माहा धंदा फॅब्रिकेशनचा. अमरावतीच्या एमआयडीसीत एक शेड आहे, तथी संत्रे लहान-मोठे निवडाच्या मशीनी बनवतो. आधी गिऱ्हाईक आलं की मी हवेत हात फिरवून मशीन दाखवत होतो, तो मान हालवे, की काम सुरू. मग मोर्शीचा एक बागाईतदार आला. तो म्हणे, हात नका फिरवू, मशीन स्क्रीनवर फिरवून दाखवा. म्हणून म्या कम्प्युटर घेतला. त्यातलं सारं इंग्रजीत. इंग्रजीत मले फक्त "ओके" वाचता येते. सॉफ्टवेअर काहीही विचारो, मी ओके दाबत होतो. ते काय विचारून राहिलं अन मी कशाले हो म्हणून राहिलो, ते आम्हा दोघाइलेही माहीत नसे.

एक दिवस काम करता करता सारी मशीन स्क्रीनवरून गायब. माउसचं चाक कोणीकडे फिरलं, पत्ता नाई. म्या टेबलाखाली वाकून पाहिलं, ते कावून पाहिलं हे मले आजही सांगता येत नाई. मग मॅडमले फोन लावला.

"मॅडम, मशीन गेली."

"कोठी गेली?"

"अथीच होती."

मॅडमनं एफचं बटण दाबाले सांगतलं. दाबलं, त मशीन हजर, जशी होती तशी. मॅडम म्हणाल्या, "मशीन कोठी जात नाई, गजानन. तूच दूर जाऊन बसला होता." पुढल्या सोमवारी साऱ्या ग्रुपले तीच टीप आली: मॉडेल हरवल्यास घाबरू नये, एफ दाबावा. खाली लिहिलं होतं, सौजन्य: गजानन, अमरावती.

टीप अन बातमी मॅडम एकाखाली एक लिहीत, मधात जागा सोडत नसत. एकदा असं आलं: फाईलला "फायनल" असं नाव देऊ नये, फायनल काहीच नसतं. चांदूर बाजारच्या सभासदानं हळद उकळायच्या कुकरचं मॉडेल पूर्ण केलं. एका सभासदाचा जुना मॉनिटर विकणे आहे. एकाला मुलगी झाली, वजन ग्रॅममध्ये, आईची तब्येत चांगली. सर्वांचं अभिनंदन. आता अभिनंदन कुकरवाल्याचं कराचं, पोरीच्या बापाचं, का मॉनिटरवाल्याचं, मले समजे ना. म्या साऱ्याइले फोन लावला. मॉनिटरवाल्याचा मी दोस्त झालो. त्याचं अभिनंदन करणारा मी एकलाच होतो.

साऱ्यात मोठी टीप निळ्या रेघेची. स्क्रीनवर रेघ काढली की आधी ती निळी राहते. तिले माप द्याचं, जागेवर पक्की कराची, मग ती काळी होते. मॅडम म्हणत, "निळी रेघ म्हणजे दावं सुटलेलं ढोर. आत्ता उभं आहे म्हणून बांधलेलं आहे असं समजू नका." आमी माना हालवल्या. घरी येऊन म्या एक भोक निळंच ठेवलं. शर्टाची बाही माउसले लागली, भोक सरकलं, सॉफ्टवेअरनं काही विचारलं, म्या ओके दाबलं, अन लेझर कटिंगवाल्यानं सारे पत्रे तसेच कापून दिले. मशीन जोडाले घेतली त बोल्ट एकीकडे अन भोक दुसरीकडे. ते पत्रे आता आमच्या शेडमागच्या न्हाणीले लागले आहेत. अंग धुताना भोकातून उजेड येते. मॅडम मुद्दाम अकोल्याहून पाह्याले आल्या, पट्टी लावून भोक किती सरकलं ते मोजलं अन समाधानानं म्हणाल्या, शिकवायला कामी येईल.

शिकवताना मॅडम असं छापील मराठी बोलत. राग आला की अकोला भायेर निघे. माह्याशी बोलताना बहुतेक अकोलाच राहे.

मग मॅडम माह्याकडे तिरप्या पाहाले लागल्या. बोलत माह्याशी, अन पाहात माह्या कानाकडे. मले वाटलं, राग आला. कोणत्या गोष्टीचा आला असन हे आठवाले बसलो, त कारणं इतकी निघाली की त्यातून एक निवडता ये ना. कान साफ करून पाहिला. शेवटी विचारलंच. मॅडमनं सांगतलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. काठाकाठाचं दिसते, मधातलं नाई. ज्याच्याकडे सरळ पाहावं तेच पुसल्या जाते. रेघ निळी का काळी, ते त मुळीच कळत नाई.

"ग्रुपात सांगू नको," म्हणाल्या. "लोकाइले कीव आली की ते चुका दाखवत नाई. पॉलिटेक्निकनं मले वय झालं म्हणून घरी बसवलं. हा सोमवार मी माह्या हातानं सोडणार नाई."

अन सोमवार वाचवासाठी डोळे म्हणून धरलं कोणाले, त मले. बाकीचे कामाचे लोक होते, रविवारी त्याइले कामं असत. मी दर रविवारी अकोल्याले जाई, मॅडमच्या कम्प्युटरपुढे बसून माउस धरे, अन मॅडम बाजूच्या खुर्चीवरून सांगत. एकीले दिसे ना, दुसऱ्याले वाचता ये ना. मॅडम विचारत, वर डाव्या अंगानं तिसरं चित्र कशाचं आहे. मी म्हणे, पोळपाटावर गोळा ठेवला आहे. मॅडम विचारत, बाजूले बाण आहे का. मी म्हणे, बाण नाई, लाटणं असन. मॅडम कपाळाले हात लावत, मग हळूच म्हणत, बरं, त्या लाटण्यावर दाब. पाचातून एखादवेळी बरोबरच निघे. कोण कोणाले शिकवून राहिलं, हे त्या खोलीत कोणाले सांगता आलं नसतं.

निळ्याचं त विचारूच नका. पयल्या रविवारी मॅडम म्हणाल्या, निळं कोठी दिसून राहिलं का सांग. म्या म्हटलं, हो, सारंच. स्क्रीनच्या मागचा रंगच निळा होता. मग म्या खालची पट्टी निळी सांगतली, कोपऱ्यातलं चिन्ह निळं सांगतलं, टेबलावरच्या बाटलीचं झाकणही सांगतलं. मॅडम दर वेळी एवढंच म्हणत, बरं, अजून?

मलेच मॅडमची दया आली. भातकुलीचा पवन ग्रुपातला साऱ्यात हुशार इंजिनिअर, भल्ल्या मोठ्या कंपनीत काम केलेला. त्याले शपथ घालून डोळ्याचं सांगतलं अन एका रविवारी सोबत नेलं. त्या दिवशी टिपेच्या जोडीले दालमिलच्या चाळणीच्या स्टँडची फाईल पाठवाची होती, लोकाइनं उघडून पाहावी म्हणून. माह्या हातानं दुपार झाली असती, पवननं चहा येईपर्यंत उरकलं. मॅडमनं विचारलं, सारं काळं आहे का. पवन म्हणाला, हो मॅडम, सगळं काळं. मले खाली एका पायाजवळ निळसर दिसलं, ते म्या सांगतलं. पवन समजुतीनं म्हणाला, काका, ती नुसती मदतीची रेघ आहे, ती निळीच असते. म्या म्हटलं, असन बावा. मॅडमनं माह्या कानाकडे पाहिलं, अन पवनचं ऐकलं. ज्याले बाटलीचं झाकण सांगताना ऐकलं, त्याचं कोणी ऐकावं?

सोमवारी फाईल गेली. दुपारपर्यंत ग्रुपात फोटो येऊ लागले. स्टँडचा एक पाय कोणी हातभर ओढला, कोणी आडवा केला. एकानं तो ताणून ताणून इतका लांब केला, की खाली लिहिलं, मूर्तिजापूर आलं. अजून एकानं लिहिलं, मॅडम, या वेळी तुमचंच ढोर सुटलं. त्याखाली हसाच्या चेहऱ्याइची रांग. त्याइले काय माहीत? मले माहीत होतं, पण ग्रुपात सांगाले बंदी होती. पवनचा फोन आला, म्हणे, काका, तुमची रेघ खरंच निळी होती.

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला, फोनले बोलून लिहवलेला. दुरुस्ती: डाव्या पायाला माप दिलेलं नव्हतं, चूक माझी आहे. बातमी: माझी मधली नजर गेली आहे, रेघेचा रंग दिसत नाही. बातमी: अकोल्यात लेथ विकणे आहे, चालू स्थितीत. हसाचे चेहरे एकएक करून पुसल्या गेले. लेथचीही कोणी चौकशी केली नाई.

त्याच महिन्यात मॅडमची लेक हैदराबादेहून घ्याले आली. मॅडम नाई म्हणत होत्या, पण गॅसवर दूध ठेवलेलं दिसलं नाई अन हात पोळला, मग बोलाले जागा उरली नाई. शेवटल्या रविवारी पवन अन मी अकोल्याले गेलो. खोक्याइची रास लागलेली, कम्प्युटर चादरीत गुंडाळलेला. पवननं मान खाली घालून विचारलं, सोमवारचं काय कराचं. मॅडम म्हणाल्या, तू चालव. तो म्हणाला, माझ्या हातून चूक झाली होती मॅडम. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच चालव.

मग माही पाळी. एस्टीत येताना म्या भाषण जोडलं होतं. म्या म्हटलं, मॅडम, पवन आहे म्हणजे काळजी नाई, मी ढ माणूस, मले त्यातलं काही कळत नाई, मी आता ग्रुप सोडतो. मनातून वाटत होतं की मॅडम म्हणतील, असं नको म्हणू गजानन, तू काही ढ नाई. लेकीनंही हातातलं खोकं खाली ठेवलं.

मॅडमनं माह्या कानाकडे पाहिलं.

"सोडतं कोठी? पवनच्या बाजूले खुर्ची टाकून बस. तो हुशार आहे, त्याले जे असाले पायजे तेच दिसते. तुह्या डोक्यात काहीच नाई, म्हणून तुले जे आहे ते दिसते. फक्त मधात अक्कल लावू नको."