फॉर्मवरचा अंगठा

बाळांनो, आता तुम्हाला शाळेत विषय निवडायचे आहेत, म्हणून हे लिहिते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत आठवीच्या मुलींना गृहशास्त्र किंवा बीजगणित घ्यावं लागे. बीजगणित सोडलं की कॉलेजात विज्ञान शाखा बंद. वडील फौजेत, म्हणून फॉर्मवर आजोबांचा अंगठा हवा होता.

"शिवणकामच लिवलंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी खोटं बोलले. हात थरथरत होते.

पुढे कित्येक महिने पोस्टमन दिसला की शाळेचं पत्र आधी माझ्या हाती यावं म्हणून मी धावत जायचे. वडील रजेवर आले, त्यांनी माझी वही उघडली.

"आबा, पोरगी बीजगणित शिकतीय!"

"म्हाईत हाय. शिवणकाम लिवायला कुणाचा हात थरथरतो व्हय?"

ती वही हरवली. आजोबांनी मग आणून दिलेली कंपासपेटी अजून माझ्या कपाटात आहे.