कागदावरची जादा दोन वर्षं

अंकुशनगरच्या आमच्या फुटबॉल क्लबचं पहिलं साल माझ्यामुळं वाया गेलं. आता मी घरापासून लांब, तमिळनाडूत एका कारखान्यात कामाला आहे. इथं ही गोष्ट कुणाला माहीत नाही. तरी गेटवर कुणी आधार कार्ड मागितलं की मी आधी त्यावरची जन्मतारीख अंगठ्यानं झाकतो.

क्लब काढला तो सरांनी. सर शाळेत भूगोल शिकवायचे. मी नववीतच शाळा सोडलेली, दिवसभर पंक्चरच्या दुकानात असायचो. एकदा सर हवा भरायला आले आणि मी वरून फेकलेली टायरं झेलताना बघून म्हणाले, "उद्यापास्नं बॉल झेलायला यायचं." शाळा सोडल्यावर मला पुन्हा हाक मारणारे ते पहिलेच. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

साखर कारखान्यासमोर उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या मोकळ्या जागेत आमचा सराव चालायचा. गाळप सुरू झालं तशा बैलगाड्या वाढत गेल्या आणि मैदान रोज आखडत गेलं. शेवटी गाड्यांच्या दोन रांगांमधली बोळ तेवढी उरली. ऊसतोडीवाले ओरडायचे, "अय, बैलाला बॉल लागला तर तुलाच जुंपीन!" पण त्या बोळीनंच पोरांना सरळ पास द्यायला शिकवलं.

जिल्ह्याची स्पर्धा अठरा वर्षांखालच्यांची होती. पहिला सामना आम्ही पाच गोलांनी हरलो. पाचही माझ्या हाताखालून गेले. वडीगोद्रीच्या पोरांशी बरोबरी झाली. मंग काय झालं कुणास ठाऊक, आम्ही जिंकतच गेलो. सेमीफायनलला मी एक पेनल्टी अडवली आणि आम्ही फायनलला पोचलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, आणि त्यातच भीती वाटली. कारण माझ्या कागदाचं मला ठाऊक होतं.

मी चार वर्षांचा असताना आईनं मला सहाचा सांगून पहिलीत बसवलं होतं. ती दिवसभर उसाच्या फडात. शाळेत निदान सावली होती, खिचडी होती. गुरुजींनी बऱ्याच जणांची लिहितात तशी माझीही जन्मतारीख एक जून टाकली, वर्ष मात्र दोन मागचं. पुढं आधार कार्डावरही तीच तारीख चढली. फॉर्म भरताना मी सरांना हे सांगितलं होतं. सर म्हणाले, "खरं वय किती?"

"सतरा."

"मंग खरं तेच लिहू." आणि त्यांनी खरं तेच लिहिलं.

तोवर फॉर्मवरच भागलं होतं. फायनलच्या सकाळी मात्र टेबलावर सगळ्यांची आधार कार्डं मागितली. तपासणाऱ्या साहेबांनी पाच कार्डं वेगळी काढली. "पाच जण एक जूनचे? तुमच्या गावात एकाच दिवशी पाळणे हलले का?" टेबलाभोवतीचे हसले. चौघांचं वर्ष नियमात बसलं. माझं बसलं नाही. कागदावर मी एकोणीस वर्षांचा होतो.

आई त्या दिवशी पहिल्यांदाच सामना बघायला आल्ती. ती पदर खोचून पुढं झाली. "साहेब, जल्माला म्या घातलं याला. मला ठाव न्हाई व्हय?"

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "मावशी, तुमचं बराबर असंल. पण मला कागद बघावा लागतो."

"तो कागद म्याच खोटा सांगितलाय."

"ते आता कसं लिहू मी?"

सर दोन वेळा बोलायला गेले, दोन वेळा परत आले. मी खेळलेले सगळे सामने रद्द झाले. आमचा संघ बाद, आणि सेमीफायनलला आम्ही हरवलेला संघ फायनलला उतरला.

आमचा टेम्पो संध्याकाळी येणार होता. त्यामुळं आम्हाला तिथंच बसून तो सामना बघावा लागला. कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आईनं फडकं सोडलं, प्रत्येकाच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवत गेली. कॅप्टनपाशी थांबून म्हणाली, "लेकरा, चुकलं माझं. तवा याला कुठं ठिवू, सुचलं न्हाई."

कॅप्टन आमच्यातला सगळ्यात तापट. त्यानं भाकरी घेतली, मान खाली घातली. "काकू, जाऊ द्या. माझी आईबी फडातच होती."

काही महिन्यांनी ठेकेदार तमिळनाडूतल्या कारखान्यासाठी माणसं न्यायला आला. त्याला अठराच्या वरची पाहिजे होती. त्यानं माझं कार्ड बघितलं आणि गाडीत बस म्हणाला. त्याच तारखेवर आज माझं पोट चाललंय. त्या तारखेला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

त्या दिवशी मैदानावर सामना संपत आलेला. आम्ही हरवलेल्या त्या संघानं गोल केला. कॅप्टननं भाकरी मांडीवर ठेवली आणि टाळी वाजवली. मंग एकेक करून सगळ्यांनी. मी वाजवू शकलो नाही. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि कशासाठी ते न कळता तीही वाजवायला लागली.